आरपीजी गेम्सची छापील गाइड्स: अजून कामाची आहेत का?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

२०१८च्या नोव्हेंबरात प्रायमा गेम्सने छापील गाइड्सचा, म्हणजे गेम कसा खेळायचा ते सांगणाऱ्या पुस्तकांचा, धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २०१५ साली ब्रॅडीगेम्स प्रायमातच विलीन झालं होतं. म्हणजे अमेरिकेतली या क्षेत्रातली दोन्ही मोठी नावं एकदमच गेली. तेव्हापासून जिथे विषय निघेल तिथे एकच वाक्य ऐकू येतं: "नेटवर सगळं फुकट मिळतं, पुस्तक कोण विकत घेणार?" हे वाक्य मला अर्धंच पटतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल नीट बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

फक्त रोल-प्लेइंग गेम्सबद्दल (आरपीजी) बोलू. एकाच जगात पन्नास-साठ तास, कधी शंभरच्या वर तास काढायचे असतात. कुठल्या गावात काय मिळतं, कोणाशी कधी बोलायचं, कुठली वस्तू विकली की पुढे पस्तावायची पाळी येते, हे सगळं डोक्यात ठेवणं कठीण. म्हणून गाइडची गरज या प्रकाराला सगळ्यात जास्त.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गाइडमध्ये दोन तऱ्हेचा मजकूर असतो. एक वाट सांगणारा: डावीकडे वळा, पेटी उघडा, जिना उतरा. दुसरा नियम सांगणारा: हे जग चालतं कसं, कशामुळे काय होतं. वाट सांगण्यात पुस्तक नेटपुढे टिकत नाही, मान्य. पण नियम सांगण्यात चांगलं पुस्तक आजही पुढे आहे.

उदाहरण देतो. पोकेमॉन रूबी आणि सफायरमध्ये फीबास नावाचा एक अत्यंत कुरूप मासा आहे. तो रूट ११९ वरच्या नदीतच सापडतो. नदी लांबलचक, पाण्याचे शेकडो चौकोन, आणि त्यांपैकी फक्त सहा चौकोनांत हा मासा गळाला लागतो. ते सहा चौकोन प्रत्येकाच्या गेममध्ये वेगळे. त्यात भर म्हणजे ड्यूफर्ड गावात सध्या कुठला शब्दप्रयोग 'चलतीत' आहे यावर ते ठरतात. तो शब्दप्रयोग बदलला की चौकोनही बदलले.

आता सांगा, नकाशावर फुली मारून "मासा इथे" असं कोणतं पुस्तक सांगेल? आणि कोणता व्हिडिओ सांगेल? दुसऱ्याच्या खेळातली जागा आपल्याला उपयोगाचीच नाही. इथे फक्त नियम कामाला येतो: चौकोन सहाच आहेत, ड्यूफर्डमधला शब्द बदलेपर्यंत ते जागचे हलत नाहीत, तेव्हा नदीच्या एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक चौकोनात दोन-चारदा गळ टाका आणि तपासलेले चौकोन कागदावर खोडत जा. हे ज्याला समजलं तो मासा पकडणार. ज्याला समजलं नाही तो "मला का मिळत नाही" म्हणून पानापानाला विचारत फिरणार. दुसरं वर्णन मी नेटवर कितीतरी वेळा वाचलंय.

तशीच मॉरोविंडची गोष्ट. २००२ सालचा गेम. 'इथे जा' म्हणून बाण दाखवणारी सोय त्यात नाही. लोक तोंडी रस्ता सांगतात: पूल ओलांडा, फाट्यावर उत्तरेला वळा, टेकडीच्या पायथ्याशी दार आहे. गेमच्या डब्यातच कागदी नकाशा यायचा. त्या गेमच्या गाइडमध्ये मी सगळ्यात जास्त वापरलेला भाग कथेचा नव्हताच. औषधं बनवायच्या घटकांचा तक्ता होता. कुठल्या मुळीचे, कुठल्या सालीचे काय काय गुण, आणि दोन घटकांत एक गुण सारखा असला की त्याचं औषध होतं. तो तक्ता मांडीवर घेऊन बसलं की गेम एकदम वेगळाच दिसायला लागतो. रस्त्याकडेची झुडपं आधी नुसती सजावट वाटायची, आता प्रत्येक झुडपाशी थांबावंसं वाटतं.

ज्यांनी असं पुस्तक हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी एका पानाचं वर्णन करतो. वर पट्टीत जागेचं नाव. मधोमध त्या तळघराचा नकाशा, त्यावर आकडे. कडेच्या उभ्या रकान्यात त्या आकड्यांप्रमाणे पेट्यांची यादी, प्रत्येकीपुढे खूण करायला छोटा रिकामा चौकोन. खाली बॉसची (तिथल्या मुख्य शत्रूची) चौकट: जीव किती, कशाला कमजोर, चोरता काय येतं. एका नजरेत पंचवीस गोष्टी दिसतात. हीच माहिती व्हिडिओत हवी असेल तर वीस मिनिटं मागेपुढे सरकवत बसावं लागतं, आणि तोवर तो माणूस पुढच्या बॉसचं नाव बोलून मोकळा झालेला असतो.

तर तुमचा अनुभव काय? वापरलीत का, कशासाठी, आणि आज कोणी घ्यावीत का?

कोकणकडा

शाईपेन, कळकळ पोचली, पण तुम्ही चांगल्यात चांगलं पुस्तक समोर धरून बोलताय. बाजारात बहुतांश पुस्तकं तशी नव्हती.

फायनल फँटसी ९ (२०००) चं ब्रॅडीगेम्सचं अधिकृत गाइड आठवा. गेमच्या कंपनीला आपलं प्लेऑनलाइन हे संकेतस्थळ पुढे आणायचं होतं. म्हणून पुस्तकात महत्त्वाच्या ठिकाणी माहितीऐवजी चौकट: हा सांकेतिक शब्द प्लेऑनलाइनवर टाका, उत्तर तिथे मिळेल. पैसे मोजून पुस्तक घ्यायचं, आणि उत्तरासाठी फोनची लाइन अडवून डायल-अप जोडायचं! ज्याच्याकडे नेट आहे त्याला पुस्तक कशाला हवं, आणि ज्याच्याकडे नेट नाही त्याला त्या चौकटीचा काय उपयोग? आज तर ती पानंही संकेतस्थळावर नाहीत. पुस्तक शिल्लक आहे, त्यातले सांकेतिक शब्द शिल्लक आहेत, आणि त्यांनी उघडणारं दार बंद.

आणि हा असा गेम की ज्यात एक्सकॅलिबर २ ही तलवार हवी असेल तर खेळाच्या घड्याळात बारा तास पुरे व्हायच्या आत मेमोरियापर्यंत पोचावं लागतं. ही गोष्ट खेळाडूला पहिल्या पानावर कळली पाहिजे. चाळिसाव्या तासाला कळून काय करणार?

दुसरं म्हणजे, गेम आणि गाइड एकाच दिवशी दुकानात ठेवायचं म्हणून लेखकांना अर्धवट तयार झालेली आवृत्ती खेळून लिहावं लागायचं. आकडे शेवटच्या क्षणी बदलले की पुस्तक जन्मतःच चुकीचं. लेखकाचा दोष नाही, पण पैसे वाचकाचेच गेले.

रानजाई

कोकणकडा +१. त्याच मालिकेतलं आणखी एक सांगते, कारण याचा राग मला अजून आहे.

फायनल फँटसी १२ (२००६) मध्ये झोडिॲक स्पिअर नावाचा भाला आहे. नॅब्युडिसच्या नेक्रोहोलमध्ये एका पेटीत तो मिळतो. पण कधी? गेममधल्या चार ठराविक ठिकाणच्या पेट्या तुम्ही उघडल्या नसतील तरच. त्यांतली एक लोटाउनमध्ये ओल्ड डालानच्या घराबाहेर, म्हणजे खेळ सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो तेव्हाच समोर येते. पेटी दिसली की उघडायची, हे या गेम्सनीच आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं. ही पेटी उघडू नका असं सांगणारं पात्र नाही, पाटी नाही, पुसटसा इशाराही नाही.

गाइड खपावं म्हणूनच असं केलं, असं अनेक खेळाडू मानतात. तसं असो वा नसो, परिणाम तोच: पुस्तकाशिवाय खेळणाऱ्याला हे कळायचा मार्गच नाही. २०१७च्या झोडिॲक एज आवृत्तीत ही अट काढून टाकली, म्हणजे करणाऱ्यांनाही ती नको झाली असावी.

शाईपेन यांच्या 'वाट आणि नियम' या विभागणीत मी तिसरी गोष्ट घालेन: गेमनेच लपवून ठेवलेली अट. ती कळल्यामुळे खेळाची समज वाढत नाही. फक्त नुकसान टळतं. अशा माहितीसाठी कुणाला पुस्तक घ्यावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

पुणेरी_पॅलाडिन

धागा वाचून मजा आली. आपल्याकडची बाजू मांडतो.

नव्वदच्या शेवटी नि दोन हजारच्या सुरुवातीला आमच्याकडे पीसी गेम यायचे ते प्लास्टिकच्या पातळ पाकिटातल्या सीडीवर. डबा नाही, मॅन्युअल नाही, नकाशा तर नाहीच. बाहेरच्या मुलांना जे गेमसोबत मिळायचं तेही आम्हाला मिळत नव्हतं, तिथे गाइड कुठलं? बाल्डर्स गेटसारखा गेम मॅन्युअलशिवाय सुरू केलेल्याला विचारा, 'थॅको' (वार लागतो का ते ठरवणारा आकडा) कमी झालेला चांगला की वाढलेला, हे समजायलाच किती वेळ गेला ते.

मग सायबर कॅफे. गेमफॅक्स हे संकेतस्थळ १९९५ पासून होतं, आणि त्यावरची सगळी गाइड्स साध्या टेक्स्टमध्ये. चित्र एकही नाही. नकाशासुद्धा रेघा, तारे आणि अधिकची चिन्हं जुळवून काढलेले. त्यामुळे फाइल इतकी लहान की फ्लॉपीवर सहज मावायची. कॅफेत तासाचे पैसे मोजायचे, फाइल उतरवायची, घरी येऊन नोटपॅडमध्ये उघडायची. पण गेम चालू असताना नोटपॅडकडे जायचं म्हणजे त्या काळच्या मशीनवर गेम कोसळायची भीती. म्हणून लागतील तेवढी पानं छापून घ्यायची आणि स्पायरल बाइंडिंग करून ठेवायची.

सांगायचं ते असं की नेट हाताशी आल्यावरही आम्ही त्याचं पुस्तकच केलं. गेम पडद्यावर, मदत कागदावर, ही व्यवस्था सोयीची होती. गाइड छापील असण्याचा निम्मा फायदा एवढाच आहे, आणि तो आजही तसाच आहे.

बखरवाला

मंडळी, तुम्ही सगळे नव्वदच्या दशकापासून सुरुवात करताय. थोडं मागे जाऊ, कारण कागद आणि आरपीजी यांचं नातं गाइडच्या आधीपासूनचं आहे.

विझर्ड्री, १९८१. दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा. पडद्यावर फक्त समोरची भिंत दिसते. नकाशा गेम देत नाही. ग्राफ पेपर घेऊन तुम्ही काढायचा. पायाखालचा चौकोन गुपचूप तुमचं तोंड फिरवतो, काही ठिकाणी मिट्ट काळोख, काही ठिकाणी न सांगता दुसरीकडे नेऊन टाकतात. चुकलात असा संशय आला की डुमापिक हा मंत्र म्हणायचा, तो तुमची जागा आकड्यांत सांगतो, मग कागदावरची रेघ खोडून दुरुस्त करायची. या गेममध्ये गाइड लिहिणारा खेळाडू स्वतःच होता.

पुढे १९८८ मध्ये पूल ऑफ रेडियन्स आणि वेस्टलँड. डिस्कवर जागा अपुरी, म्हणून कथेचा बराचसा मजकूर छापील पुस्तिकेत. गेम म्हणायचा, अमुक क्रमांकाचा उतारा वाचा. आता एखाद्याने गेम न खेळता पुस्तिका सरळ वाचून काढली तर? वेस्टलँडवाल्यांनी त्याची सोय केली होती. मधेमधे खोटे उतारे घातले होते, त्यात मंगळावरच्या स्वारीची एक अख्खी बनावट कथा. पुढचं आधीच वाचणाऱ्याची फसगत ठरलेली.

हे सांगायचं कारण असं, की छापील कागद हा आरपीजीला बाहेरून जोडलेला नव्हता. तो खेळाचाच एक भाग होता. नंतर तो भाग वेगळा काढून पंधरा-वीस डॉलरला विकायला सुरुवात झाली, आणि रानजाईताई म्हणतात ते दोष तिथून शिरले.

हिरवा_चाफा

बखरवाला, याच्याच पुढचं एक टोक. अर्थबाउंड १९९५ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा गाइड वेगळं विकलं नाही, गेमच्या मोठ्या डब्यातच घातलं होतं. आणि ते लिहिलंय कसं, तर प्रवासी पुस्तिकेसारखं! ओनेट गाव आलं की गावाची ओळख, तिथलं वर्तमानपत्र, काय पाहाल, कुठे राहाल. उत्तरंही आहेत, पण ती त्या जगातल्याच भाषेत.

२०१३ मध्ये वी यू या कन्सोलवर तो गेम पुन्हा आला तेव्हा निन्टेन्डोने ते पूर्ण गाइड आपल्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलं. म्हणजे अठरा वर्षांनंतरही त्यांना वाटलं की हे पुस्तक नसेल तर गेम अपुरा आहे. मी ते पडद्यावरच वाचलंय, आणि मला शाईपेन यांच्या यादीत एक भर घालावीशी वाटते: चांगलं गाइड त्या जगात आणखी थोडा वेळ राहू देतं. कन्सोल बंद केल्यावर, झोपायच्या आधी चाळायला.

शाईपेन

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेला.

कोकणकडा, फायनल फँटसी ९ बद्दल वाद नाही. ते पुस्तक मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. पण नीट पाहिलं तर तिथे दोष छापील असण्याचा नाही, छापणं अर्धवट सोडण्याचा आहे. जेवढं कागदावर होतं तेवढं आजही वाचता येतं. जेवढं संकेतस्थळावर ढकललं तेवढंच गेलं.

रानजाई, तिसरा प्रकार मान्य. मला त्यात एक फरक करावासा वाटतो. फायनल फँटसी ६ मध्ये फ्लोटिंग काँटिनेंटवरून पळ काढायला सहा मिनिटं असतात. कडेला पोचलात की उडी मारायची की थांबायचं, असं गेम विचारतो. थांबलात, आणि घड्याळात पाच सेकंद उरेपर्यंत थांबलात, तर शॅडो हा तुमचा सोबती येऊन पोचतो. आधीच उडी मारलीत तर तो कायमचा गेला. हीसुद्धा लपवलेलीच अट. पण इथे गेम तुम्हाला पर्याय देतो आणि सोबत्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत थांबाल का, हेच जणू विचारतो. विचार करणाऱ्याला ते उमगू शकतं. भाल्याच्या बाबतीत विचार करून काहीच उमगत नाही. पहिल्या प्रकारची गोष्ट गाइडने सांगू नये, फार तर "इथे घाई करू नका" एवढंच म्हणावं. दुसऱ्या प्रकारची सरळ सांगून टाकावी.

आणि कुठे किती सांगायचं हा निर्णय घ्यायला संपादक लागतो. नेटवर तो नाही. शोधायला जावं एका किल्लीची जागा, आणि शोधाच्या पहिल्याच ओळीत कथेतला मृत्यू वाचायला मिळतो.

बखरवाला

किती सांगायचं यावर इन्फोकॉमने ऐंशीच्या दशकातच फार सुंदर उत्तर काढलं होतं. त्यांचे गेम मजकुराचे, आरपीजी नव्हेत, पण कल्पना इथे लागू आहे. इन्व्हिजिक्लूज म्हणून पुस्तिका यायच्या. प्रश्न छापलेला, उत्तरं अदृश्य शाईत. सोबतचा मार्कर फिरवला की अक्षरं उमटायची. एका प्रश्नाखाली चार-पाच उत्तरं, पहिलं नुसतं सुचवणारं, शेवटचं स्पष्ट सांगणारं. जेवढी मदत हवी तेवढंच घासायचं. आणि तिथे नसलेल्या गोष्टींचेही प्रश्न घातलेले असत, म्हणजे नुसते प्रश्न वाचून कथा कळू नये.

एवढी काळजी घेणारं गाइड मी नंतर पाहिलं नाही.

दगडफूल

मी जर्मनीत असतो, आणि इथे हा धंदा मेलेला नाही हे सांगायला लिहितोय. हॅम्बुर्गचं फ्यूचर प्रेस अजून पुस्तकं काढतं. एल्डन रिंग २०२२च्या फेब्रुवारीत आला आणि त्यावर त्यांनी जाडजूड दोन खंड काढले: पहिला प्रदेशांचा, दुसरा शत्रू, शस्त्रं आणि आकड्यांचा. पिगीबॅकही आहे, झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड आणि टिअर्स ऑफ द किंगडम या दोन्हींची गाइड्स त्यांची.

दोघांनीही एक गोष्ट ओळखली: गेम सुटला त्याच दिवशी पुस्तक हवंच असं नाही. उशीर झाला तरी चालेल, पण नीट हवं.

मात्र शाईपेन यांच्या मूळ मुद्द्यातली एक अडचण सांगतो. आज नियमसुद्धा स्थिर नाहीत. एल्डन रिंगमध्ये राडान हा बॉस एका पॅचमध्ये एकदम सोपा झाला आणि पुढच्या दुरुस्तीत पुन्हा अवघड. शस्त्रांचे आकडे तर कितीदा बदलले. दुसऱ्या खंडात छापलेला एखादा आकडा आज पडद्यावर तसाच दिसेल याची खात्री नाही.

तरीही मी तो खंड उघडतो, तो एका कारणासाठी. प्रत्येक बॉसच्या हालचाली चित्रांनी दाखवल्यात: हा हात मागे गेला की पुढचा वार कुठून, त्यानंतर तुम्हाला किती फट मिळते. नुकसानीचा आकडा बदलला तरी ती हालचाल सहसा तीच राहते. आधी मी बॉसशी लढताना पडद्यावर फक्त माझा जीव किती उरलाय ते बघायचो, आता त्याच्या खांद्याकडे बघतो. हे पुस्तकाने शिकवलं.

रानजाई

दगडफूल, हे पटलं. म्हणजे नियमांतही दोन थर: आकडे, आणि त्यांच्याखालचा सांगाडा. पुस्तकाने सांगाड्यावर भर द्यावा.

ओसाकाची_वारी

जपानमधून थोडी माहिती. इथे गाइडला कधीच कमी दर्जाचं मानलं गेलं नाही. ड्रॅगन क्वेस्टची अधिकृत गाइडबुकं ऐंशीच्या दशकात एनिक्सने स्वतः काढली. फायनल फँटसीची अल्टिमानिया मालिका नव्वदच्या शेवटी सुरू झाली, ती अजून चालू आहे. त्यात वाट दाखवणारा भाग असतोच, पण सूत्रं असतात (कुठला आकडा कशाने गुणला की नुकसान निघतं), पात्रांची सगळी माहिती, आणि गेम बनवणाऱ्यांच्या मुलाखती. गेम संपल्यानंतर घेणारे लोकही खूप. इंग्रजीत २०१८ पासून डार्क हॉर्सने त्यांचा अल्टिमानिया आर्काइव्ह काढला, पण तो चित्रं आणि जगाच्या माहितीवर जास्त आहे, सूत्रांच्या शोधात घेतलात तर निराशा होईल.

इथे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत वापरलेली गाइड्स स्वस्तात मिळतात. पेन्सिलीच्या खुणांसकट. एकात आधीच्या मालकाने कुठल्या बॉसला कितव्या लेव्हलवर हरवलं ते समासात लिहिलंय, आणि ते छापलेल्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण पुस्तकातली लेव्हल सावधपणे वाढवून सांगितलेली असते.

कोकणकडा

ओसाका, मुलाखती आणि सूत्रं एकत्र असतील तर ते पुस्तक मीही घेईन.

माझा विरोध कशाला आहे ते जरा नेमकं सांगतो. दहावीच्या 'अपेक्षित प्रश्नसंचा'सारखं वापरलं जाणारं गाइड मला नको. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट ठेवून खेळायचं, एकही पेटी चुकवायची नाही, एकही संवाद स्वतः निवडायचा नाही. पर्सोना ४ असं खेळलेले लोक मला माहीत आहेत. खरा शेवट मिळावा म्हणून प्रत्येक उत्तर गाइडमधून घेतलं. गुन्हेगार कोण असावा यावर स्वतः डोकं चालवणं हाच त्या गेमचा गाभा, आणि तोच त्यांनी खेळला नाही.

हिरवा_चाफा

कोकणकडा, पण ज्याला आठवड्यात जेमतेम दोन तास मिळतात त्याने काय करायचं? पर्सोना ४ पूर्ण व्हायला सत्तर-ऐंशी तास लागतात. चुकीच्या उत्तराने कथा मधेच संपली तर तो माणूस पुन्हा सुरुवात करणार नाही. त्याला गाइडने हात दिला तर मला त्यात गैर वाटत नाही.

आणखी एक. माझ्या भाच्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा. पोकेमॉनच्या पुस्तकातला तक्ता मात्र तो तासन्तास वाचतो: कुठला प्रकार कुठल्यावर भारी, कोण कितव्या लेव्हलला बदलतो. गेम त्याच्याकडे नाही, पुस्तकच आहे. तक्ता पाठ झालाय आणि आता दोन मित्रांच्या टीममधल्या चुका दाखवतो. नियम सांगणारा मजकूर गेमशिवायही वाचनीय असतो, ही बाजू कुणी मांडली नव्हती म्हणून लिहिलं.

पुणेरी_पॅलाडिन

भाच्याला फीबासची गोष्ट नक्की सांगा.

जुनं जपण्याबद्दल एक मुद्दा राहतोय. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. २०२५च्या जानेवारीत त्यांनी डिजिटल ग्रंथालय खुलं केलं, त्यात जुनी गेम मासिकं शोधता आणि वाचता येतात. जे गेम आता चालवणंच कठीण, त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बरंचसं अशा कागदांमधूनच. तुमच्याकडे जुनी गाइड्स असतील तर रद्दीत घालू नका, निदान विचारून तरी बघा.

नवा_भिडू

पहिल्यांदाच लिहितोय. तुम्हा सगळ्यांचं वाचून हिय्या केला. स्कायरिम नुकताच घेतलाय आणि ओळखीच्या एका दुकानात प्रायमाचं जुनं गाइड आहे, चांगलंच जाडजूड. घेऊ का? की पैसे वाया जातील?

शाईपेन

स्वागत! आधी दोन गोष्टी बघा. पुस्तक २०११ चं मूळ आहे की नंतरची वाढीव आवृत्ती. मूळ पुस्तकात डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे विस्तार नाहीत, आणि आज दुकानात मिळणाऱ्या गेममध्ये ते तिन्ही असतात. शक्यतो वाढीव आवृत्ती शोधा. दुसरं, सोबतचा मोठा नकाशा जागेवर आहे का ते उघडून पाहा. जुन्या प्रतींतून तो बहुतेक वेळा गायब झालेला असतो.

घेतलंत तर कथेची पानं सध्या उघडूच नका. स्कायरिममध्ये रस्ता दाखवायला बाण आहे, वाट सापडते. सुरुवात मागच्या तक्त्यांपासून करा. औषधांच्या प्रत्येक घटकाला चार गुण असतात, पण गेम ते तुम्हाला वापरल्याशिवाय दाखवत नाही. तक्त्यात चारही आहेत.

दगडफूल

आणि बक्षिसांची यादी बघा, नवा_भिडू. काही खास शस्त्रं तुम्ही ज्या लेव्हलला मिळवता त्या लेव्हलच्या ताकदीचीच मिळतात आणि पुढे आपोआप वाढत नाहीत. चोरांच्या संघाच्या कामात मिळणाऱ्या चिलरेंड आणि नाइटिंगेल ब्लेड या तलवारींची सगळ्यात ताकदवान प्रत ४६ किंवा त्यापुढच्या लेव्हलला मिळते. दहाव्या लेव्हलला चिलरेंड उचललीत तर हातात कमजोर तलवार राहील. गेम हे कुठेही सांगत नाही.

रानजाई

हा नियम मात्र मला झोडिॲक स्पिअरइतका वाईट वाटत नाही, कारण कमजोर का होईना, तलवार मिळते. पण आधी माहीत असलेलं बरं.

नवा_भिडू

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानात फोन केला. वाढीव आवृत्ती आहे, नकाशाही आहे, पण घडीवर फाटलाय. शनिवारी जाऊन आणतो. चोरांच्या संघाचं काम आधी सुरू केलं होतं, ते आता तसंच ठेवतो आणि लेव्हल वाढवतो.